बियांपासून ऑर्किड : सामान काय लागतं आणि ठाणे-मुंबईत कुठे मिळेल?

कुंडीवाली, ३ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. आधी फजिती सांगते, मग प्रश्न.

गणपतीच्या आधी ऑनलाइन 'रेअर ऑर्किड सीड्स, मिक्स कलर' असं पाकीट मागवलं. चित्रात निळी फुलं, माकडाच्या तोंडाची फुलं, काय काय. आत साठेक काळ्या बिया, मोहरीएवढ्या. कोकोपीटमध्ये पेरल्या, वर पिशवी, रोज फवारा. चौथ्या दिवशी उगवल्या म्हणून घरभर मिरवलं. परवा सासूबाईंनी एक पान चुरडून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही मोहरीच आहे."

असो. आता खरा प्रश्न. कुडाळला आमच्या घराच्या आवारात जुना आंबा आहे, त्यावर सीतेची वेणी (आपल्याकडची रानटी ऑर्किड) आपसूक आलेली आहे. मे अखेरीस फुलली होती. या वर्षी तिला तीन शेंगा धरल्यात, अजून हिरव्यागार आहेत. दिवाळीला आम्ही जाणार आहोत. त्यातून रोपं करता येतील का? नेटवर वाचलं की लॅब लागते, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लागतो. माझ्याकडे पाच लिटरचा कुकर आणि भरपूर उत्साह आहे. काय काय विकत घ्यावं लागेल, कुठून घ्यावं, आणि कशावर पैसे घालवू नयेत, हे कृपया सांगा.

सह्यभटक्या

मोहरीची भाजी तरी केलीत की नाही?

ऑर्किडची बी बोटाने उचलता येते असं दिसलं की तिथेच समजायचं. पिकलेली शेंग टिचकीने फुटली तर पिवळसर धूर उडाल्यासारखा दिसतो, ती बी. पाकिटाचे पैसे गेले असं समजा आणि पुढे चला. व्हॅनिलासारखे थोडे अपवाद सोडले तर दाणा म्हणावा अशी बी या कुळात नसतेच.

निवृत्त_मास्तर

कुंडीवाली ताई, लॅबची भानगड का लागते ते आधी समजून घ्या, म्हणजे सामानाची यादी पाठ करावी लागणार नाही.

हरभऱ्याच्या दाण्यात रोपाची शिदोरी बांधलेली असते. ऑर्किडच्या बीत शिदोरी जवळपास नसतेच, नुसता सूक्ष्म गर्भ आणि भोवती जाळीदार टरफल. म्हणून एका शेंगेत हजारोंनी, काही जातींत लाखांनी बिया मावतात. रानात ती बी झाडाच्या सालीवर पडते आणि तिथे एखादी ठरावीक बुरशी भेटली तरच तिच्याकडून अन्न घेऊन रुजते. हे गूढ नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली उकललं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी दाखवलं की बुरशी नसली तरी चालतं, साखर आणि क्षार थेट दिले की बी रुजते.

गोम इथेच आहे. साखरेचा तो खुराक तुमच्या बीपेक्षा हवेतल्या बुरशीला शंभरपट आवडतो. बीला रुजायला महिने, बुरशीला तीन दिवस. म्हणजे तुमचं सगळं सामान मुळात एकाच कामासाठी आहे : बरणीत बीशिवाय दुसरं कोणी शिरू नये. जुने बागवान आईरोपाच्या मुळाशी बी भुरभुरायचे, कारण तिथे बुरशी आधीच असते. एखादी शेंग उकलली तर तोही प्रयोग करा, फुकट आहे. भरवसा मात्र ठेवू नका.

बरणीबाबा

मी सहा वर्षं स्वयंपाकघरात हेच करतोय, त्यामुळे दुकानानुसारच सांगतो.

किराण्याच्या दुकानातून साखर, चायना ग्रास आणि एक शहाळं. चायना ग्रास म्हणजेच अगार, लॅबवाले तेच पांढऱ्या डब्यात भरून महाग विकतात. पट्ट्यांपेक्षा पूड घ्या, वजन नीट होतं.

मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल, हातमोजे, मायक्रोपोर टेप, ११ नंबरची सर्जिकल ब्लेड आणि तिची मूठ. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट सर्जिकलच्या दुकानात मिळतं. त्याची तारीख बघून घ्या, जुनं झालं की त्यात जोर राहत नाही.

बरण्या विकत घेऊ नका. जामच्या, मधाच्या, काचेच्या, पत्र्याच्या झाकणाच्या जमवा. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचं आणि त्यावर मायक्रोपोरचे दोन थर चिकटवायचे. हवा खेळते, जंतू अडतात.

प्रिन्सेस स्ट्रीटला एक फेरी मारावी लागेल. रसायनांच्या दुकानात 'एमएस मीडिया' मागा, म्हणजे मुराशिगे आणि स्कूग या दोघांच्या नावाचं, बरणीतल्या रोपांना द्यायच्या क्षारांचं मिश्रण. १९६२ सालचा हा फॉर्म्युला आजही टिशू कल्चरमध्ये सगळ्यात जास्त चालतो. मुंबईच्याच हायमीडिया कंपनीची तयार पूड मिळते, ऑर्किडसाठी नडसनचा मीडियाही त्यांच्याकडे आहे. एक लिटरचं लहान पाकीट मागा, मोठा डबा गळ्यात मारून घेऊ नका. उरलेली पूड हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर ओलावा धरून तिचा दगड होतो. तिथेच पीएचच्या पट्ट्या घ्या.

एक गोष्ट मात्र ऑनलाइन घ्याच : सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. स्वयंपाकघरातल्या काट्याला एक ग्रॅम म्हणजे काय ते कळत नाही.

ऑटोक्लेव्हची गरज नाही. बहुतेक घरगुती कुकरच्या शिट्टीचं वजन चौरस सेंटिमीटरला १ किलो दाबाचं असतं, म्हणजे आत १२० अंशांच्या आसपास. ऑटोक्लेव्हही तेवढंच करतो.

लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचा झोत सोडणारं लॅबमधलं टेबल) तर अजिबात घेऊ नका. कपडे ठेवायचा ५० लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा उपडा घाला, समोरच्या बाजूला हात जातील अशी दोन भोकं पाडा. झालं काम. त्यात वारा नसतो हीच त्याची करामत. जंतूंना पाय नसतात, ते धुळीवर बसून वरून खाली पडतात.

कुंडीवाली

बाबा, दंडवत! पटापट प्रश्न. प्रमाण काय? माझ्याकडे १९:१९:१९ खत पडलंय, एमएसऐवजी ते चालेल का? आणि केळं घालतात असं वाचलंय.

बरणीबाबा

अर्ध्या लिटरचं सांगतो, पंधराएक बरण्या होतील. एमएस पूड १.१ ग्रॅम (ही निम्मी मात्रा झाली, ऑर्किडला पूर्ण मात्रा जड जाते), साखर १० ग्रॅम, अगार ४ ग्रॅम, गाळलेलं शहाळ्याचं पाणी ५० मिली, बाकी आरओचं पाणी. अगार घालण्याआधी पीएच ५.५च्या जवळ आणा. कमी भरला तर खायच्या सोड्याची चिमूट, जास्त भरला तर लिंबाचा थेंब. हे टाळू नका. मिश्रण फार आंबट असेल तर कुकरमध्ये अगार फुटतो आणि बरणीत जेलीऐवजी सूप मिळतं.

उकळी आणून अगार विरघळवा, बरणीत बोटभर ओता, झाकण सैल लावा, वर फॉइल. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून २० मिनिटं. मग गॅस बंद करा आणि कुकरला हात लावू नका. शिट्टी उचलून वाफ काढलीत तर सगळा मीडिया उसळून झाकणाला लागेल. (एकदा रविवारी सकाळी केलंय. त्या दिवशीचा वरणभात गोड लागला.)

त्यानंतर एक आठवडा बरण्या नुसत्या ठेवा. ज्यात बुरशी आली ती कुकरातच नीट शिजली नव्हती. उरलेल्यांतच पेरा, म्हणजे पुढे बिघडलं तर चूक हाताची की कुकरची ते कळतं.

१९:१९:१९ने मीही सुरुवात केली होती. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाचा असतो. कुकरात युरिया थोडा फुटतो आणि पीएच सरकतो. माझ्या बिया हिरव्या झाल्या आणि तिथेच थांबल्या. एवढी एकच गोष्ट लॅबची घ्या.

केळं पेरणीला नको. रोपांना पानं फुटल्यावर दुसऱ्या बरणीत हलवाल तेव्हा घाला.

कुंडीवाली

आणि शेंग? पिकू द्यायची की हिरवीच काढायची?

बरणीबाबा

हिरवीच! नवख्या माणसाला हाच खरा आधार. न उकललेल्या शेंगेच्या आत एकही जंतू नसतो. म्हणजे बी धुवायची कटकट नाही, बाहेरची साल धुतली की काम झालं. पिकून फुटली की ती धुळीसारखी बी क्लोरीनमध्ये धुवावी लागते. थोडं कमी झालं तर बुरशी, थोडं जास्त झालं तर बीच मरते. दिवाळीपर्यंत तुमची शेंग पाच महिन्यांची होईल, काढायला हरकत नाही. देठासकट कापा, कोरड्या कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घामेजू देऊ नका.

घरी आल्यावर साबण आणि जुन्या टूथब्रशने घासा. हायपोक्लोराइट एकास चार पाणी करून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, १५ मिनिटं बुडवा. मग डब्यात स्पिरिटने पुसून शेंडा कापा, ब्लेडच्या टोकाने चिमूटभर बी बरणीत पसरा, लगेच झाकण. पंखा अर्धा तास आधीपासून बंद. बोलू नका, गुणगुणू नका.

आणि हे ठळक वाचा : स्पिरिट लावलेल्या डब्यात ज्योत पेटवायची नाही. व्हिडिओत शेंग स्पिरिटमध्ये बुडवून पेटवतात, ती उघड्या हवेशीर जागी आणि बाटली लांब ठेवून. माझे उजव्या हाताचे केस दोन महिने उगवले नव्हते. आणि हायपोक्लोराइटमध्ये व्हिनेगर, ॲसिड काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

पानगळ

एवढा खटाटोप कशाला? नर्सरीत फुललेलं डेंड्रोबियम मिळतं की. बियांपासून फूल यायला चार-पाच वर्षं सहज जातात.

बरणीबाबा

जातात. माझ्या पहिल्या खेपेतलं एक फॅलनॉप्सिस साडेचार वर्षांनी फुललं. तोवर मुलीची दहावी झाली.

पण नर्सरीवरून आठवलं. विकत आणलेल्या संकरित झाडावर टूथपिकने परागण करून शेंग धरवायची हौस अनेकांना असते. त्यातली कितीतरी झाडं वांझोटी निघतात : शेंग फुगते, आत नुसता भुसा. पेरण्याआधी चिमूटभर बी भिंगाखाली बघा. टरफलाच्या मधोमध भरीव ठिपका दिसला तर गर्भ आहे. फोल्डस्कोप नावाच्या घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकातूनही छान दिसतो.

सह्यभटक्या

थोडा खडा टाकतो. तुमच्या आवारातल्या झाडाची शेंग काढताय, ठीक आहे. पण हा धागा वाचून कोणी आंबोलीत जाऊन फांद्या ओरबाडू नका. राखीव जंगलातून काहीही उचलणं गुन्हा आहे, आणि उपटून आणलेली आमरी (म्हणजे ऑर्किडच) शहरात सहसा दोन उन्हाळे काढत नाही. ताई, तीनपैकी एकच शेंग घ्या. एका शेंगेतल्या बियाही तुमच्याच्याने संपणार नाहीत.

जर्सीतली_मावशी

इकडे हे सगळं सोपं आहे. कॅन्ससच्या फायटोटेक लॅब्जची ऑर्किड मीडियाची पूड घरपोच येते, अगार आणि कोळसा आतच असतो, फक्त पाणी घालून शिजवायची. शेंग पाठवली की पेरून, बरणीत वाढवून परत पाठवणारेही आहेत.

म्हणून भाचीसाठी दोन फ्लास्क (रोपं वाढलेल्या बंद बरण्या) भारतात न्यायचा बेत केला होता. चौकशी केल्यावर कळलं की भारतात झाडं न्यायची तर आधी आयात परवाना आणि इकडचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (झाडावर रोग-कीड नाही असा सरकारी दाखला) लागतं. बॅगेत लपवून न्यायचा सल्ला देणारे चिक्कार भेटले. नाही नेले.

निवृत्त_मास्तर

योग्य केलंत. आणि भारतात असताना बाहेरून आणायची गरजही नाही. सिक्कीममध्ये पाकयोंगला केंद्र सरकारचं ऑर्किडचं संशोधन केंद्र १९९६ पासून आहे. आसामात तर हीच सीतेची वेणी 'कोपौ फूल' म्हणून बिहूला मुली केसांत माळतात. वेणी ती वेणीच, इकडे काय आणि तिकडे काय.

कुंडीवाली, २२ फेब्रुवारी

धागा वर काढतेय. हिशेब द्यायचा राहिला होता.

एकच शेंग आणली. चौदा बरण्या शिजवल्या, आठवडाभर ठेवल्या, दोन तिथेच गेल्या (झाकणाचा टेप ओला झाला होता). बारांत पेरलं. पहिल्या पाच बरण्यांना चौथ्या दिवशी कापूस आला. हात थरथरत होता आणि झाकण फार वेळ उघडं राहिलं. शेवटच्या सातांपैकी एक दुधाळ झाली, सहा स्वच्छ राहिल्या.

दोन महिने काहीच दिसेना. पिवळसर भुकटी तशीच. नवरा रोज विचारायचा, "मोहरी उगवली का?" संक्रांतीच्या सुमारास एका बरणीत कडेला हिरवट झाक दिसली. आता सहापैकी चारांत खसखशीच्या दाण्याएवढे हिरवे गोळे आहेत, दाटीवाटीने, मोजता येत नाहीत. भिंगातून बघितलं तर काहींच्या डोक्यावर टोक निघालंय. सासूबाईंनी वास घेण्यासाठी बरणी उघडायला घेतली होती, वेळेवर धावले.

बाबा, आता सांगा : इतकी दाटी आहे तर दुसऱ्या बरणीत कधी हलवायचे? आणि केळं कुठलं, वेलची की हिरव्या सालीचं?

बरणीबाबा

जिंकलंत! पहिल्याच खेपेला चार म्हणजे खूप झालं. माझी पहिली खेप शून्य होती.

दोन पानं दिसेपर्यंत थांबा, एप्रिल उजाडेल. ट्यूबलाइटखाली १२ ते १४ तास, थेट ऊन नको, बरणीचा कुकर होतो. केळं कुठलंही घ्या, पिकलेलं, लिटरला ५० ग्रॅम कुस्करून. आणि कडेला लाल मार्करने लिहा : उघडू नये. मोठ्या अक्षरात, सासूबाईंच्या चष्म्याच्या नंबराला अनुसरून.