धागा: गंधकाच्या धुराला दहा किलोमीटरचं कुंपण?

धुरकट
कोळशावरच्या वीजसंचांच्या सल्फर डायऑक्साइडची (गंधकवायूची) मर्यादा ७ डिसेंबर २०१५ ला आली. २०१६ पर्यंतच्या संचांत ५०० मेगावॅटच्या खाली घनमीटरला ६०० मिलिग्रॅम, ५०० व त्यावर २००. २०१७ पासूनच्या संचांना १००. मुदत दोन वर्षं. मग ती २०२२ वर गेली, तिथून गटवार २०२२ ते २४, मग २०२४ ते २६, तिथून २०२७ ते २९. शेवटी ११ जुलै २०२५ ला क गटातले (अ आणि ब मध्ये न बसणारे), म्हणजे साधारण ७८ टक्के संच यातून सुटलेच. अ गटाला (दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवरचं शहर १० किमीच्या आत) डिसेंबर २०२७, ब गटाचा (अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेचे निकष न पाळणारं शहर १० किमीच्या आत, आपलं चंद्रपूर यातलंच) निर्णय एकेका केंद्रापुरता. क गटाने फक्त चिमणीच्या उंचीचा नियम पाळायचा.

माझी हरकत त्या १० किमीवर आहे. ५०० मेगावॅट आणि वरच्या संचाला चिमणी २७५ मीटरची लागते, ती धूर जवळ पडू नये म्हणूनच. मग जवळच मोजायचं आणि हवा स्वच्छ म्हणायचं, हा कुठला न्याय? गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या केंद्राच्या आसपास दहा लाखांचं शहर नाही, म्हणून ३३०० मेगावॅट मोकळे. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून असतो आणि शंभरेक किलोमीटरवर नागपूर आहे.

चुनखडी_पावडर
असहमत. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के असली तरी गंधक ०.३ ते ०.५ टक्केच. हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचा चोवीस तासांचा निकष ८० मायक्रोग्रॅम, बहुतेक शहरं त्याच्या कितीतरी खाली. दुखणं धुळीचं आणि औषध गंधकाचं. शिवाय धूर चुनखडीच्या पाण्याने धुवून एक रेणू गंधकवायू धरायला चुनखडीतून एक रेणू कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो, त्याचं काय?

धुरकट
हवेत गंधकवायू कमी दिसतो कारण तो वायू म्हणून राहत नाही. कोरड्या हवेत तासाला एखाद-दोन टक्के आणि धुक्यात, ढगात बराच भराभर त्याचं सल्फेट होतं. शेतातला, गोठ्यातला अमोनिया त्याला चिकटला की अमोनियम सल्फेट, म्हणजे पीएम २.५. तुमची धूळ ती हीच, आणि ईएसपीच्या (विजेच्या भाराने राख पकडणाऱ्या यंत्राच्या) पुढे जाऊन तयार झालेली.

कार्बनचा हिशोब मांडूनच टाकू. ५०० मेगावॅटचा संच तासाला ३४० टन कोळसा खातो. गंधक ०.४ टक्के धरलं तर सल्फर डायऑक्साइड २.७ टन. मर्यादा गाठायला त्यातलं ८५ टक्के, म्हणजे २.३ टन धरावं लागतं. ६४ ला १०० या प्रमाणात शुद्ध चुनखडी ३.६ टन, बाजारातल्या मालाची ४ टन. त्यातून बनणारं जिप्सम ६.२ टन. सुटलेला कार्बन डायऑक्साइड १.६ टन. पंप, ब्लोअर, बॉल मिल यांना दीड टक्का वीज गेली तर आणखी ७ टन. संच मुळात तासाला ४७५ टनांच्या घरात सोडतो. दोन टक्केही भरत नाही. या मुद्द्यावर एवढा धुरळा कशाला?

आकडेमोड
दोघंही पैशाचं बोलत नाही आहात. धूर धुऊन गंधकवायू काढणाऱ्या यंत्रणेला मेगावॅटमागे ६० लाख ते सव्वा कोटी लागतात. एक कोटी धरा: ५०० कोटी. परतावा, व्याज, घसारा मिळून वर्षाला १५ टक्के, म्हणजे ७५ कोटी. ७० टक्के भारावर ३०६ कोटी युनिट. युनिटमागे २५ पैसे, चुनखडी आणि देखभाल वेगळी. ‘कायद्यातला बदल’ म्हणून हे वीज नियामक आयोगापुढे मांडलं की वीजदरात जातं. कंपनीच्या खिशातून नाही, तुमच्या-आमच्या बिलातून.

आणि पाणी. ओल्या पद्धतीत मेगावॅट-तासाला पाव घनमीटर धरलं तरी या संचाला तासाला सव्वाशे घनमीटर. इरई धरणावर चंद्रपूर शहरही आहे आणि केंद्रही. उन्हाळ्यात पाण्याअभावी संच बंद ठेवायची वेळ तिथे येऊन गेली आहे.

खारा_वारा
किनाऱ्यावर चुनखडीही नको आणि गोडं पाणीही नको. समुद्राच्या पाण्यात मुळातच बायकार्बोनेट असतं. कंडेन्सरमधून (वाफ थंड करणाऱ्या यंत्रातून) आलेलं तेच पाणी धुराला दाखवायचं, मग हवा मारून सल्फेट करून परत सोडायचं. ट्रॉम्बे आणि डहाणूत हे २०१५ च्या कितीतरी आधीपासून आहे. डहाणूत तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने आलेलं पर्यावरण प्राधिकरण मानगुटीवर बसलं म्हणून झालं. किनाऱ्यावरच्या संचांना सूट देण्यात काहीच तर्क नाही.

चुनखडी_पावडर
किनाऱ्याचं मान्य. विदर्भात समुद्र कुठून आणू?

एक गोष्ट कुणी बोलत नाही. जुन्या संचाचा ईएसपी गळका असेल तर राख थेट ॲब्सॉर्बरमध्ये, म्हणजे धूर धुण्याच्या मनोऱ्यात येते. राखेतलं ॲल्युमिनियम आणि धुरातलं फ्लोराइड मिळून चुनखडीच्या कणांवर लेप बसतो. मग चुनखडी कितीही ओता, स्लरीचा (चुनखडी मिसळलेल्या पाण्याचा) पीएच ५.५ वरून घसरत ४.५ वर येतो आणि वर चढत नाही. जिप्सम करडं पडतं, सिमेंटवाले घेत नाहीत. दिवसाला दीडशे टन माल राखेच्या तळ्यात. त्यात धुतलेला धूर पन्नासएक अंशांवर येतो, ओला आणि आम्लयुक्त. जुनी विटांच्या अस्तराची चिमणी तो सोसत नाही. अस्तर बदला नाहीतर नवी चिमणी बांधा. २१० मेगावॅटच्या जुन्या संचावर हे करण्यापेक्षा आधी ईएसपीची फील्ड (राख पकडणारे कप्पे) वाढवा. त्याच पैशात जास्त धूळ पकडाल.

सॅम्पल_लाईन
ईएसपी आधी, हे बरोबर. पण २०२२ मध्ये मुदत चुकवणाऱ्यांना युनिटमागे २० ते ४० पैसे दंड ठरला होता. म्हणजे यंत्रणा बसवण्याइतकाच किंवा जास्त. दंडाची तारीख जवळ आली की मुदत पुढे, म्हणून तो लागलाच नाही. ज्यांनी वेळेत बसवली ते मूर्ख ठरले.

आता मुद्दा मोजमापाचा. सूट दिलेल्या संचांचा आकडा तरी खरा आहे का? चिमणीतून मापकापर्यंतची नळी तापलेली हवी. हीटर बंद पडला की आत पाणी धरतं, गंधकवायू त्यातच विरघळतो आणि पडद्यावर सुंदर आकडा येतो. दुसरं, आकडा ६ टक्के ऑक्सिजनवर आणून सांगायचा असतो. एअर प्रीहीटर (भट्टीची हवा धुराने तापवणारं यंत्र) गळका असेल, ऑक्सिजन ९ असेल आणि मापक १००० दाखवत असेल, तर खरा आकडा १००० गुणिले (२१ वजा ६) भागिले (२१ वजा ९), म्हणजे १२५०. हवा मिसळून धूर ‘स्वच्छ’ करायला खर्च येत नाही.

आकडेमोड
म्हणजे सूट राहू द्या, पण मोजमाप कडक करा?

सॅम्पल_लाईन
सूट मला पटलेली नाही. पण ती राहणारच असेल तर क गटातल्या प्रत्येक चिमणीचा सल्फर डायऑक्साइड, त्याच ओळीत ऑक्सिजनचा टक्का आणि नळीचं तापमान, तिन्ही रकाने तासागणिक लोकांना दिसू द्या. नळीचं तापमान १२० च्या खाली गेलं की तो तास बाद.

धुरकट
आणि कोळशातलं गंधक? आयात कोळसा मिसळला की ०.४ चं ०.८ कधी होतं कळत नाही. चौथा रकाना तो टाका.