मोठ्यांसाठी श्रद्धावर्ग: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: आमच्या कॅथलिक चर्चच्या फादरांनी नवीन येणाऱ्यांसाठी आणि बरीच वर्षं चर्चपासून लांब राहून परत आलेल्यांसाठी वर्ग घ्यायला सांगितलंय. सगळ्यांना एकत्र बसवायचं का? आणि पहिल्याच दिवशी दहा आज्ञा काढल्या तर लोक पळतील असं वाटतंय

उत्तर १: एकत्र बसवा पण कोण कुठल्या वाटेवर आहे ते आधी विचारून घ्या. ज्याचा बाप्तिस्माच (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षेचा संस्कार) झालेला नाही तो दीक्षार्थी, त्याला बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा बळकट करणारा संस्कार) आणि कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) तिन्ही साधारण ईस्टरच्या जागरणविधीत, म्हणजे आदल्या रात्रीच्या उपासनेत, मिळतात. परत आलेल्याचा बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, त्याला बहुतेक वेळा नीट कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) पुरतं, दृढीकरण राहिलं असेल तर तेवढी तयारी. दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्माही चालतो, दाखला मात्र मागा.

उत्तर २: लग्नाचं पण बघा हं. घटस्फोट, कोर्टात केलेलं दुसरं लग्न असं काही असेल तर ते वर्गात चर्चेला घेऊ नका, सरळ फादरांकडे पाठवा आणि लवकर पाठवा, कारण त्या कामाला वेळ लागतो आणि ईस्टर तोंडावर आल्यावर कळलं तर माणूस फार दुखावतो.

उत्तर ३: आज्ञा नंतर. आधी येशू कोण ते मार्कच्या शुभवर्तमानातून, ते सगळ्यात छोटं. मग मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. रिकाम्या चर्चमध्ये नेऊन वेदी, तबर्नाकल (ख्रिस्तप्रसाद ठेवायची पेटी), बाप्तिस्म्याचं स्नानकुंड दाखवा, गुडघा कधी टेकायचा हे विचारायलाच लोक लाजतात

प्रश्नकर्ता: दाखल्यांचं डोक्यातच नव्हतं, आजच यादी करतो 🙏