लिस्बनमध्ये टेबलावर आलेला पाव फुकट नसतो

लिस्बनच्या हॉटेलांत बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट असतं असं काहींना वाटतं. फुकट नाही हो! त्याला कूव्हेर म्हणतात, आणि हात लावलात की बिलात लागतं. पण न मागितलेलं आणि न खाल्लेलं कूव्हेर बिलात लावता येत नाही, तसा तिथला कायदाच आहे. नको असेल तर बशी सरळ परत द्यायची, वेटरला त्यात काही वाटत नाही. मी ऑलिव्ह ठेवून घेते, बाकी परत. शाकाहारींनी काल्दो व्हेर्द मागवताना आधी विचारावं. बटाटा आणि हिरव्या पाल्याचं ते सूप दिसतं निरागस, पण वर सॉसेजची चकती तरंगत असते.

लिस्बनच्या बेलें भागातल्या, नाता म्हणजे कस्टर्ड टार्ट विकणाऱ्या 1837 पासूनच्या दुकानाबाहेरची रांग बघून परत फिरू नका, ती बहुतेक पार्सलवाल्यांची असते. आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत. तिथे बसून गरम नाता घ्या, वर दालचिनी भुरभुरवून. 28 नंबरची ट्राम मार्तिम मोनिझ या एका टोकाऐवजी प्राझेरेश या दुसऱ्या टोकाला पकडलीत तर बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. खिसा मात्र सांभाळा.