क्रॅससचा कार्हेचा पराभव: सेनापतीचा दोष की घोडदळाचा तुटवडा?

धागाकर्ता: मार्कस लिसिनियस क्रॅसस म्हणजे युद्धातलं काही न कळणारा धनाढ्य, ही समजूत चुकीची आहे. इ.स.पू. ८२ मध्ये रोमच्या कोलाइन वेशीपाशी खुद्द सरसेनापती सुल्लाची डावी फळी मागे रेटली गेली, तेव्हा उजव्या फळीवर क्रॅससनेच लढाई जिंकली. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड त्यानेच मोडलं. इ.स.पू. ५३ मध्ये कार्हेला (आजचं तुर्कस्तानातलं हर्रान) तो हरला, कारण ७ लीजनच्या (रोमन पायदळाच्या मोठ्या पलटणींच्या) जोडीला घोडेस्वार जेमतेम ४,०००. समोर पार्थियाचा (तेव्हाचं इराणी साम्राज्य) सेनापती सुरेना याचे सुमारे १०,००० स्वार, बहुतेक धनुर्धारी.

शिलेदार: असहमत. आर्मेनियाचा राजा अर्तवस्दीस ६,००० स्वार घेऊन आला होता. आर्मेनियाच्या डोंगरातून चला, तिथे पार्थियन घोडा चालणार नाही, असं त्याने सांगितलं. क्रॅससच्या हाताखालचा अधिकारी कॅसियस म्हणत होता, युफ्रेटिसचा काठ सोडू नका, रसद होड्यांतून येईल. क्रॅससने दोघांचंही डावललं आणि एका अरब सरदाराच्या भरवशावर उघड्या माळावर उतरला. त्याआधीच्या वर्षी मेसोपोटेमियातली गावं घेऊन तिथे ८,००० माणसं ठेवली आणि स्वतः सीरियात परतला. शत्रूला तयारीला अख्खा हिवाळा मिळाला!

धागाकर्ता: आर्मेनियाची वाट म्हणजे हमखास विजय नव्हे. इ.स.पू. ३६ मध्ये रोमन सेनापती अँटनी त्याच बाजूने कितीतरी मोठं सैन्य घेऊन गेला. वेढ्याची यंत्रं मागे राहिली, ती पार्थियनांनी जाळली, आणि हाच अर्तवस्दीस त्याला सोडून निघून गेला.

बुरूज: वाटेपेक्षा रचना बघा. आधी लांब पातळ रांग, मग ऐनवेळी चौकोन, प्रत्येक बाजूला १२ कोहोर्ट (लीजनमधल्या तुकड्या). चौकोनाला घेरता आलं तरी फोडणं अवघड, पण दाटीत एकही बाण वाया जात नाही. बाण संपतील ही क्रॅससची आशा होती. सुरेनाने उंटांवर जादा साठा आणला होता. मग मुलगा पब्लियस १,३०० स्वार, ५०० धनुर्धारी आणि ८ कोहोर्ट घेऊन पळणाऱ्यांच्या मागे लागला. ते पळणं हूल होती. ती तुकडी कापली गेली. इ.स.पू. ३८ मध्ये रोमन सेनापती व्हेंटिडियसने सीरियातल्या गिंडारसला उंचवटा धरला, पार्थियनांना चढ चढू दिला आणि गोफणवाल्यांनी त्यांना झोडपलं. म्हणजे उपाय रोमन सैन्याच्या हाताशीच होता.

शिलेदार: आणि थांबण्याची संधीही होती. लढाईच्या आधी बलिसस ओढ्यापाशी अधिकारी म्हणत होते, रात्री इथेच तळ टाकू, शत्रूचा अंदाज घेऊ. पब्लियसची घाई ऐकून क्रॅससने माणसांना रांगेत उभ्या-उभ्याच खायला-प्यायला लावलं आणि पुढे हाकललं. स्वार फक्त ४,००० होते, हे या निर्णयाचं कारण नव्हतं.