नववीच्या पालकांना ग्रंथालयात आणायचं कसं?

अमळनेरचा मास्तर: नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या एका हायस्कूलात मराठी शिकवतो, ग्रंथालयही माझ्याच गळ्यात आहे. नववीत ४२ मुलं. देवघेव रजिस्टर काढलं तर तीन महिन्यांत त्यांच्या ११ नोंदी, त्यातल्या ७ एकाच मुलीच्या.

म्हटलं पालकांना सोबत घ्यावं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, तेव्हा सकाळी ११ ला बोलावलं. चार जण आले. कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत अशा दिवसांत बोलावलं, चूक माझीच. त्यातले एक बाबा कपाटाकडे बघून म्हणाले, "सर, यानामुये मार्क वाढतीन का?" मला धड उत्तर देता आलं नाही. आई एकही नाही. एकीनं पोराजवळ निरोप धाडला, "माले वाचता येत नही, मी ईसन काय करू?"

तुमच्याकडे कोणी काही करून पाहिलंय का?

धुळ्याची ग्रंथपाल: सर, आधी सांगा, कपाटाला कुलूप आहे का? पुस्तक हरवलं तर आपल्या खिशातून भरावं लागेल या धाकानं आपण कुलूप लावतो. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन, त्यांचा १९३१ चा पहिलाच नियम आहे, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. पालकांच्या नावानं खातं उघडा, पुस्तक पोरगं नेईल. शेतीची मासिकंही ठेवा, बापाच्या हातात काही छापील दिसू दे.

कपाशीवाला: पहिले पोरांचा मोबाइल काढून घ्या.

अमळनेरचा मास्तर: भाऊ, मोबाइल बापाचाच आहे. रात्री दोघांची ओढाताण चालते.

चोपड्याची आई: त्या ताईंना सांगा, असोद्याच्या बहिणाबाईंना कुठं लिहिता-वाचता येत होतं? त्या गाणी म्हणायच्या, घरच्यांनी ती लिहून घेतली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ ला पुस्तक निघालं. पोरांना कोऱ्या वह्या द्या. आईची, आजीची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी लिहून आणू द्या. लिहिलेलं घरी वाचून दाखवायचं, चुकलं तर आई सांगेल. माझी दहावीतली पोरगी माझ्यासमोर पुस्तक कधी उघडत नाही, पण माझी चूक काढायला मिळाली की तासभर बसते! आणि सभा संध्याकाळी घ्या हो.

अमळनेरचा मास्तर: तीन आठवड्यांनी लिहितोय. कुलूप काढलं. शेतीची मासिकं न्यायला दोनच बाबा आले, तिथं फार काही घडलं नाही. वह्यांचं मात्र जमलं, १९ परत आल्या. निरोप धाडणाऱ्या ताईंच्या पोरानं १४ गाणी आणली. अहिराणीतल्या 'य'च्या जागी त्यानं सगळीकडे 'ळ' घातला होता. तो वाचायला लागला तशी आईनं थांबवलं, म्हणे आम्ही असं म्हणतच नाही. पोरानं पूर्ण वही पुन्हा लिहिली. परवा संध्याकाळी सातला ताई वही कपाटात कुठं ठेवली ते बघायला आल्या, शेजारणीला घेऊन. जाताना पोराच्या नावावर एक गोष्टींचं पुस्तक नेलं. तो वाचेल, त्या ऐकतील.

आता अडचण वेगळीच. दाखल नोंदवहीत या वह्यांची किंमत काय लिहू?

धुळ्याची ग्रंथपाल: शून्य लिहू नका. 'भेट' लिहा, आणि देणाऱ्याच्या रकान्यात आईचं नाव.