इनडोअर हॉलसाठी आत-बाहेर सरकणारी गॅलरी: घेताना काय बघावं?

क्रीडासंकुल_तालुका
तालुक्याच्या इनडोअर हॉलसाठी टेलिस्कोपिक सीटिंग घ्यायचं चाललंय, म्हणजे वापर नसताना भिंतीला चिकटून बसणारी आणि हवी तेव्हा पायऱ्यांसारखी बाहेर ओढता येणारी गॅलरी. हॉल आतून ३८ × २६ मीटर, ट्रसच्या खाली ९ मीटर मोकळी उंची. कबड्डी, व्हॉलिबॉल, बास्केटबॉल तिन्ही होतात. वर्षातून काही वेळा नाटक, ऑर्केस्ट्रा आणि शाळांची स्नेहसंमेलनं. फरशीवर सध्या फक्त काँक्रीट आहे, वरचा थर ठरायचाय. एका लांब भिंतीला २४ मीटर लांबीची, १० रांगांची गॅलरी बसवून ४०० माणसं बसवावीत असा विचार आहे. पुरवठादार सगळे 'होऊन जाईल' म्हणतात. मोजमापं, निविदेत काय लिहावं आणि पुढे काय बिघडतं, या तिन्हीबद्दल सल्ला हवा.

तुळई
१० रांगा विसरा, ८ घ्या. कारण पैशाचं नाही, नजरेचं आहे.

मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोळ्याच्या किती वरून जाते, त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात. १२० मिमी उत्तम, ९० चांगली, ६० च्या खाली गेली की पुढच्याचं डोकं आड येतं. हिशेब सोपा आहे. पुढच्याच्या डोळ्यापासून मैदानाच्या जवळच्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर घ्या, त्याला डोळ्याची उंची अधिक चढ (एक रांग पुढच्या रांगेपेक्षा जितकी उंच तितका) याने गुणा, अंतर अधिक रांगेची खोली याने भागा आणि आलेल्या उत्तरातून डोळ्याची उंची वजा करा.

तुमच्यासाठी पहिला डेक (रांगेचा पाय ठेवायचा फळा) जमिनीपासून ३०० मिमी, बसलेल्याचा डोळा डेकपासून १.२ मीटर, रांगेची खोली ९०० आणि पहिल्या डोळ्यापासून कबड्डीच्या जवळच्या रेषेपर्यंत ६ मीटर धरलं. चढ ३०० ठेवला तर दुसऱ्या रांगेला ६५ मिमी मिळतात, आठव्या रांगेला फक्त ३७. चढ ३५० केला तर हेच आकडे १०९ आणि ६१. चढ सगळीकडे सारखा असला की वर जाऊ तसा फायदा घटतच जातो. काँक्रीटच्या स्टेडियममध्ये चढ वरवर वाढवत नेतात. सरकत्या गॅलरीत रांगा एकमेकींच्या पोटात शिरायच्या असल्याने चढ सहसा एकसारखाच मिळतो.

आता ते ६ मीटर कुठून आणायचे? मिटलेली गॅलरी भिंतीपासून साधारण १.३ मीटर जागा खाते आणि पुढची प्रत्येक उघडलेली रांग ०.९. म्हणजे ८ रांगांना ७.६ मीटर. उरले १८.४. त्यात पुरुषांचं कबड्डीचं मैदान आडवं १० मीटर, पलीकडे ३ मीटर मोकळे. मैदान ते गॅलरी ५.४ राहतात आणि डोळा कडेपासून अर्धा मीटर आत असतो, म्हणजे जमलं. १० रांगा घेतल्या तर हे अंतर ४ मीटरच्या जवळ येतं आणि दुसऱ्या रांगेची सी-व्हॅल्यू ३५० च्या चढालाही १० मिमी. म्हणजे पुढच्या रांगेत कुणी सरळ बसलं की जवळच्या लॉबीतली झटापट मागच्याला दिसणारच नाही.

अग्निरेषा
तुळईंच्या ३५० ला एक अडचण आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत सभागृहांच्या जिन्याला पायरीची उंची जास्तीत जास्त १५० आणि रुंदी कमीत कमी ३०० मिमी आहे. ३०० चढ असेल तर मध्ये एक पायरी टाकून १५०-१५० होतं. ३५० ला १७५ होतात, बसत नाही. मग मध्ये दोन पायऱ्या टाकाव्या लागतात: साधारण ११७ च्या तीन पायऱ्या, खोली ९०० भागिले ३, बरोबर ३००. म्हणून रांग ८५० ची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, तिथे पायरी २८३ वर येते.

यात पुरवठादार हमखास विसरतात अशी गोष्ट: दोन्हींतली वरची पायरी डेकपासून २३४ मिमी वर येते. वरच्या डेकच्या तुळईची खोली १२० धरली तर रांग आत सरकायला ३५० मधले २३० च उरतात. चार मिलिमीटरसाठी सगळी गॅलरी अडते. वरची पायरी सुटी, खिट्टीने बसणारी हवी, किंवा तुळईची खोली कमी हवी. ड्रॉइंगवर हा छेद मागून घ्या.

मोकळ्या वाटा १.२ मीटरच्या चार ठेवा: दोन टोकांना, दोन मध्ये. म्हणजे एकही रांग एका बाजूने बंद राहत नाही. २४ मधून ४.८ गेले, उरलेल्या १९.२ चे तीन भाग, प्रत्येकी ६.४ मीटर. ५३० मिमीला एक खुर्ची धरून १२. रांगेला ३६, आठ रांगांना २८८. ४०० नाहीत. उरलेली माणसं समोर आणि बाजूंना सुट्या खुर्च्यांवर. भिंतीला टेकलेल्या गॅलरीतून बाहेर पडायचा रस्ता फक्त पुढून असतो, त्यामुळे पहिल्या रांगेसमोरची पट्टी खुर्च्या लावून अडवू देऊ नका. पहिल्या रांगेत दोन-तीन ठिकाणी खुर्च्या काढून ९०० × १२०० ची व्हीलचेअरची जागा. अंतिम आराखडा अग्निशमन सल्लागाराकडून तपासून घ्यायचाच.

क्रीडासंकुल_तालुका
२८८ समितीला पटवणं अवघड जाईल, पण मुद्दा कळला. बास्केटबॉलच्या वेळी गॅलरी अर्धी उघडता येते का?

तुळई
येते, पण ते आधी सांगावं लागतं. नेहमीच्या पद्धतीत पहिली रांग बाहेर येते आणि मागच्या रांगांना ओढत आणते. अर्ध्यावर थांबवायची असेल तर प्रत्येक रांगेला स्वतंत्र लॉक हवं, नाहीतर लोक चढल्यावर उघडलेल्या रांगा मागे सरकायला बघतात.

बास्केटबॉलचं कोर्ट २८ × १५, भोवती २ मीटर मोकळे. कोर्ट हॉलच्या मधोमध आखलंत तर गॅलरीच्या बाजूला ३.५ मीटरच उरतात, म्हणजे ३ रांगा. पलीकडच्या भिंतीकडे सरकवून आखलंत तर ७ मीटर मिळतात आणि ७ रांगा उघडतात. स्कोअर टेबल आणि संघांचे बेंच गॅलरीच्या बाजूला आले तर त्यातल्या दोन धरू नका. फरशीवर पट्टे मारायच्या आधी हे ठरवा. पट्टे आधी आणि गॅलरी नंतर, हा नेहमीचा उलटा कारभार.

पाना_पकड
फरशीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बिघाडांची सुरुवात तिथूनच होते.

इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५ भाग २, त्याप्रमाणे बांधलेल्या खुर्च्यांच्या सभागृहाला चौरस मीटरला ४ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचं वजन), सुट्या खुर्च्यांच्या सभागृहाला ५. कबड्डीचा प्रेक्षक खुर्ची असूनही उभा राहून नाचतो, म्हणून ५ च धरा. ६ मीटरच्या एका बेची (गॅलरीच्या लांबीतला एकत्र सरकणारा एक तुकडा) एक रांग ५.४ चौरस मीटर, म्हणजे २७ किलोन्यूटन. ते दोन फ्रेमवर गेले तर फ्रेमला १३.५, आणि फ्रेमला चार चाकं धरली तर चाकाला तीनच्या वर, गॅलरीचं स्वतःचं वजन वेगळं. क्रीडा फरशीचं युरोपीय मानक ईएन १४९०४ फिरत्या चाकाची चाचणी १५०० न्यूटनला घेतं. फरक बघा. लाकडी फरशी करणार असाल तर चाकांच्या ओळीखाली आडव्या पट्ट्या दुप्पट टाकून घ्या. फोमवाला व्हिनाइल टाकणार असाल तर गॅलरी मिटून जिथे महिनोन्महिने उभी राहते ती १.३ मीटरची पट्टी काँक्रीटचीच ठेवा आणि पातळी व्हिनाइलच्या वरच्या पृष्ठभागाला मिळवा. नाहीतर फोम दबून खळगे पडतात आणि पहिल्या ओढीलाच चाक खळग्यातून चढत नाही.

समपातळी ३ मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर एक बाजू पुढे, एक मागे अशी गॅलरी तिरकी चालायला लागते. मग चॅनेल घासतात, माणसं जोर लावतात, कडेचा ब्रॅकेट वाकतो, आणि त्यानंतर ती कधीच सरळ चालत नाही. तिरकी गेली की जोर लावायचा नसतो. पूर्ण उघडायची, चाकं आणि माग साफ करायचे आणि मग मिटायची.

सगळ्यात जास्त घोटाळा कचऱ्याने होतो. कार्यक्रम संपला की रखवालदाराला घरी जायचं असतं, तो झाडू न मारता बटण दाबतो. पाण्याची बाटली, शेंगांची टरफलं, वेफर्सची पाकिटं डेकच्या फटीत दाबली जातात. बाटलीचं एक झाकण चाकापुढे आलं तरी तो बे दोन-तीन सेंटिमीटर मागे राहतो. मिटण्याआधी प्रत्येक रांग झाडणं आणि खाली बॅटरी मारून बघणं, हे लॅमिनेट करून कंट्रोल बॉक्सवर चिकटवा. मिटलेल्या गॅलरीच्या पोटात उंदीर सुखाने राहतात. केबल धातूच्या लवचिक नळीतून न्या आणि कापडी गाद्यांऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्या घ्या.

पडद्यामागे
नाटकाचं बघा. तुम्ही रंगमंच आखूड भिंतीला करणार असाल तर गॅलरीतल्या निम्म्या लोकांना मान वाकडी करून बसावं लागेल. सरकती गॅलरी एकाच दिशेला तोंड करते, तिला वळवता येत नाही. चाकांवर पूर्ण उचलून दुसऱ्या भिंतीला नेता येणारे प्रकार मिळतात, पण तालुक्याच्या मनुष्यबळात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

त्यापेक्षा तात्पुरता रंगमंच समोरच्या लांब भिंतीला उभारा: १२ × ८ मीटर, उंची १ मीटर. १८.४ मधून ८ गेले, १०.४ मीटर राहतात. पहिली खुर्ची रंगमंचापासून दीड मीटरवर, गॅलरीसमोर १.८ मीटरची वाट, मध्ये सात रांगा आरामात. गॅलरीच्या पहिल्या रांगेतला डोळा दीड मीटरवर असल्याने खालच्यांच्या डोक्यावरून दिसतं.

आवाजाचं मात्र आधीच सांगून ठेवतो. खाली पोकळ आणि वर प्लायवुड, म्हणजे ढोलच. नाटकात उशिरा येणारा माणूस चढला की धपधप शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकू येतं. वाटांवर तरी जाड रबरी मॅट चिकटवून घ्या आणि डेक व फ्रेममध्ये रबराचे तुकडे टाकायला सांगा. निविदेत नसेल तर ते कुणी टाकत नाही.

क्रीडासंकुल_तालुका
लांब भिंतीला रंगमंच, हे डोक्यातच आलं नव्हतं. मोटर घ्यावी की हाताने ओढायची? आणि भिंतीला काय धरायचं? भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची आहे.

पाना_पकड
८ रांगांना मोटर. हाताने ओढताना चार माणसं चार वेगांनी ओढतात, तिरकेपणा तिथेच येतो. थ्री फेज, प्रत्येक बेच्या पहिल्या रांगेखाली दोन ड्राइव्ह, कंट्रोल वायरच्या पेंडंटवर, म्हणजे वायरीला लटकणाऱ्या बटणांच्या डबीवर. बटण सोडलं की थांबली पाहिजे, नुसतं एकदा दाबून चालत राहणारी नको. चालवणारा समोर उभा राहून सगळी लांबी बघू शकेल इतकी वायर लांब. वीज गेल्यावर ड्राइव्ह मोकळा करून हाताने मिटता येते का, हे डेमोत प्रत्यक्ष करून दाखवायला लावा.

एएसी ब्लॉकला अँकर बोल्ट अजिबात नको. ब्लॉक पोकळ नसला तरी ठिसूळ असतो, ओढ लागली की अँकर भोक मोठं करून बाहेर येतो. मागची रांग आरसीसी कॉलमना बांधा, किंवा जमिनीत केमिकल अँकर मारून मागची फ्रेम उभी करा.

तुळई
आडव्या भाराबद्दल भर घालतो. प्रेक्षक तालात डोलतात तेव्हा खालची ओढ नाही, आडवी ढकल धोक्याची असते. अमेरिकी पद्धतीत रांगेच्या दिशेने प्रत्येक मीटरला ०.३५ किलोन्यूटन आणि रांगेला काटकोनात ०.१५ धरतात. कठड्याला आपल्या आयएस ८७५ मध्ये गर्दीच्या ठिकाणी मीटरला २.२५ किलोन्यूटन आहे. पुरवठादाराच्या हिशेबात हे तीन आकडे दिसले नाहीत तर हिशेब परत करा. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला ज्युनियर राष्ट्रीय कबड्डीच्या उद्घाटनाला तात्पुरती गॅलरी कोसळली आणि शंभराच्या आसपास लोक जखमी झाले. कबड्डीची गर्दी गृहीत धरूनच काम करायचं असतं.

निविदेत टेलिस्कोपिक स्टँडचं मानक म्हणून ईएन १३२००-५ लिहा. प्लायवुड १८ मिमी, आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. साधं कमर्शियल प्लाय पावसाळ्यात फुगतं आणि डेकची कड वरच्या फ्रेमला घासते. कोकणात असाल तर लोखंडी फ्रेमला नुसत्या रंगावर भागवू नका, गरम जस्ताचा थरच हवा.

आणि वाळूची चाचणी. एका बेच्या एका रांगेवर २७ किलोन्यूटन म्हणजे ५० किलोच्या ५५ पोती. रचून ठेवा, आधी आणि नंतर डेकच्या मधला वाक मोजा, पोती उतरवल्यावर परत आला का बघा, मग तोच बे मिटून उघडा. पोती उतरल्यावर अडकला तर बिल थांबवा.

क्रीडासंकुल_तालुका
पोती सिमेंटची आणली तर चालतील ना? नंतर प्रेक्षागृहाच्या कामाला लागतीलच.

तुळई
चालतील, फक्त खाली ताडपत्री टाका. नोजिंगच्या (डेकच्या कडेच्या पट्टीच्या) खाचेत सिमेंट गेलं आणि फरशी पुसताना ओलं झालं की पट्टी तिथेच चिकटते.