जनावर काय खातं, ते आधी विचारा

गोठ्यातून
जनावरं पाळणं बंद केलं की पृथ्वी वाचेल, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतल्या संशोधकांनी २०१७ साली मांडलं की जगभरातल्या जनावरांच्या खाद्यापैकी ८६ टक्के माणसाला खाताच येत नाही. गवत, कडबा, पेंड, कोंडा. गाय रवंथ करते म्हणून त्याचं दूध होतं, आपल्या पोटात त्याचं काहीच झालं नसतं.

हिशेबी
गवत उगवतं त्या जमिनीचं काय? २०१८च्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात पशुपालनाकडे शेतजमिनीचा ८३ टक्के वाटा निघाला. बदल्यात मिळतात १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं. वर रवंथ करणारी जनावरं सोडतात तो, पृथ्वी तापवणारा मिथेन वायू आहेच.

गोठ्यातून
त्यातली बरीच जमीन नांगराला दाद देणारी नाही. उतार, कोरडी माळरानं. तिथे जनावर चरलं नाही, तर माणसाच्या ताटात काहीच येत नाही.

हिशेबी
तुमचाच २०१७चा अभ्यास पुढे वाचा. चराईखालच्या २०० कोटी हेक्टरांपैकी सुमारे ७० कोटींवर पीक घेता येईल, असंही त्यात आहे.

गोठ्यातून
मान्य. पण एक सांगते. पीक करपलं त्या वर्षी आईनं दोन शेळ्या विकल्या. शेळ्या गेल्या, दावी तिच्या हातात राहिली. त्याच पैशांतून पुढचं बियाणं आलं. जमीन तिच्या नावावर नव्हती, शेळ्या तेवढ्या तिच्या होत्या. हे तुमच्या उष्मांकांत कुठे मोजलंय?

हिशेबी
नाही मोजलेलं, आणि ती उणीव मोठी आहे. आईंच्या शेळ्यांवर माझा आक्षेपच नाही. जगातलं जवळपास एकतृतीयांश धान्य जनावरांच्या पोटात जातं, त्यावर आहे. त्या दोन शेळ्या पुढे करून हजारोंचे बंदिस्त कळप झाकले जातात, याची चीड येते.

पशुवैद्य
आजारी गाय चारा खाते, मिथेन सोडते, दूध मात्र देत नाही. आधी तिला बरी करा. लसीकरण आणि पाळतीच्या जोरावर २०११ साली बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथरोग जगातून गेला. आता पीपीआर या शेळ्यामेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची पाळी आहे. मिथेन हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो, त्यामुळे आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसेल.

हिशेबी
लस हवीच. पण दर गाईमागे दूध वाढलं की गाई कमी करणार, की तेवढ्याच ठेवून दूध वाढवणार? आजवर अनेक ठिकाणी दुसरंच झालंय.